अमेरिकेत मिनीव्हॅन घेताय? आतली जागा स्वतः मोजून बघा, ती अशी

आई-बाबा नाहीतर सासू-सासरे सहा महिन्यांसाठी यायचे ठरले की इथल्या मराठी घरांत एकच विषय सुरू होतो, आता आपली सीडान कशी पुरणार. मग बायको रात्री जागून स्पेक्स चाळत बसते, नवरा ऑफिसातल्या चार जणांना विचारतो, आणि चौघंही आपापलीच गाडी कशी भारी ते सांगतात. शेवटी हातात येतात ते नुसते आकडे, इतके क्युबिक फूट, तितके इंच, आणि ते बघून काहीच ठरत नाही.

आम्ही या सगळ्यातून गेलोय म्हणून एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. कंपनी जे आकडे देते ते खोटे नसतात, पण ते सगळे एकाच वेळी खरे नसतात. सेकंड रोची लेगरूम, म्हणजे पायांना मिळणारी जागा, मोजली तेव्हा सीट मागे सरकवलेली असते, थर्ड रोची मोजताना काय केलेलं असतं ते तुम्हाला कोणी सांगत नाही, आणि सामानाची जागा मोजताना तर सीटच काढून ठेवलेली असू शकते. तुम्हाला हवंय ते वेगळंच, सहा-सात माणसं बसलेली असताना मागे किती बॅगा मावतात ते. हा आकडा कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतो, तो आपणच काढायचा.

खाली लिहिलंय ते अमेरिकेत मिळणाऱ्या नेहमीच्या चार मिनीव्हॅन धरून, म्हणजे टोयोटा सिएना, होंडा ओडिसी, क्रायस्लर पॅसिफिका आणि किया कार्निव्हल. किंमत, मायलेज, लोनचं इथे फारसं काही नाही, फक्त आकार आणि जागा.

डीलरकडे जाताना सोबत काय न्यायचं

- मेजरिंग टेप, इंच आणि सेंटीमीटर दोन्ही असलेला
- घरातली सगळ्यात मोठी सुटकेस, शक्य असेल तर दोन. रिकाम्या चालतात पण बंद करून न्या
- मुलांच्या कार सीट्स आणि स्ट्रोलर
- घरातला सगळ्यात उंच माणूस, आणि गुडघे दुखणारं कोणी घरात असेल तर ते पण
- ड्रायव्हिंग लायसन्स, त्याशिवाय टेस्ट ड्राइव्ह देत नाहीत. नवीन आला असाल आणि अजून राज्याचं लायसन्स नसेल तर भारतातलं लायसन्स आणि इंटरनॅशनल परमिट चालेल का ते फोन करून आधीच विचारा
- घरच्या गॅरेजची मापं लिहिलेला कागद

हे सगळं घेऊन गेलात की सेल्समन जरा विचित्र नजरेने बघतो. बघू दे.

१. आधी माणसं मोजा, गाडी नंतर

कागदावर लिहून काढा की गाडीत रोज कोण बसणार, शनिवार-रविवारी कोण बसणार, आणि वर्षातून एक-दोनदा कोण. या तीन वेगळ्या यादी होतात. रोज तुम्ही आणि दोन मुलं. वीकेंडला आजी-आजोबा धरून सहा. आणि गणपतीत किंवा एअरपोर्टला जाताना सहा माणसं अधिक सामान, ही खरी परीक्षा.

सामानाचा हिशोब असा करा. भारतातून येणाऱ्या बऱ्याच विमानांत इकॉनॉमीला माणशी २३ किलोच्या दोन चेक-इन बॅगा मिळतात आणि बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून ६२ इंचांची मर्यादा असते. म्हणजे आई-बाबा आले की चार मोठ्या बॅगा, दोन केबिन बॅगा, शिवाय आईच्या हातातली एक पिशवी जिच्यात लोणच्याची बरणी असते आणि जी ती कुणाकडेही देत नाही. ६२ इंचांची बॅग साधारण ३० बाय २० बाय १२ धरली तर ७२०० घन इंच, म्हणजे एक बॅग चार क्युबिक फुटांपेक्षा थोडी जास्त. चार बॅगा झाल्या १७ च्या आसपास. मिनीव्हॅनच्या मागे ३३ क्युबिक फूट असतं म्हटल्यावर वाटतं की आठ बॅगा जातील, पण तसं होत नाही, कारण तो आकडा छतापर्यंतचा आहे आणि बॅगा काही पाण्यासारख्या कोपऱ्यात भरत नाहीत. कागदावरच्या आकड्याच्या दोन तृतीयांश धरून चाला.

सात सीटची गाडी की आठ सीटची हेही इथेच ठरवा. आठवाल्यात मधल्या रांगेत सलग तीन जागा असतात. सातवाल्यात दोन सुट्या कॅप्टन चेअर आणि मधून चालत मागे जायला वाट. कार सीट लावलेल्या दोन मुलांचं घर असेल तर ती वाट सोन्याची आहे, कारण कार सीट न हलवता आजोबा मधून मागे जाऊ शकतात. मंडळाच्या कार्यक्रमाला शेजारच्यांची मुलं पण घेऊन जायची सवय असेल तर आठवी सीट कामाला येते.

२. बाहेरचं माप आणि घरचं गॅरेज

भारतात इनोव्हा म्हणजे मोठी गाडी हे आपल्या डोक्यात बसलेलं असतं. इनोव्हा क्रिस्टा ४७३५ मिलिमीटर लांब आणि १८३० रुंद आहे. सिएना ५१७४ लांब आणि १९९४ रुंद. जवळजवळ दीड फूट लांब आणि सहा इंचांहून जास्त रुंद, पण उंचीला मात्र इनोव्हापेक्षा किंचित कमीच. म्हणजे बाहेरून बघताना ती तेवढी अवाढव्य वाटत नाही आणि पार्किंगमध्ये घालताना कळतं.

चारही गाड्यांची लांबी २०३ ते २०५ इंचांत येते, म्हणजे सतरा फूट. रुंदी साडेसहा फूट, पॅसिफिका त्याहून इंचभर जास्त, आणि हे आरसे सोडून. इथल्या घरांत गॅरेज बरेचदा २० फूट खोल असतं, म्हणजे गाडी आत गेल्यावर तीनच फूट उरतात. त्यात समोर फ्रीझर किंवा बाइक्स ठेवल्या असतील तर संपलंच. जाऊन स्वतः मोजा, आणि मागचं दार वर उघडायला लागणारी जागा त्यात धरा. गॅरेजचा दरवाजा बंद असताना मागचं दार उघडता येत नसेल तर बर्फात सामान बाहेर उभं राहून काढावं लागतं.

सिंगल गॅरेजचं दार आठ किंवा नऊ फुटी असतं. आठ फुटी असेल तर दोन्हीकडे आरसे धरून फारच कमी अंतर उरतं, रोज सकाळी घाईत ते जमेल का याचा विचार करा.

उंचीचा सापळा वेगळा. गाडी साधारण ७० इंच, गॅरेजचं दार ८४ इंच, म्हणजे ठीक. पण लांबच्या ट्रिपला टपावर कार्गो बॉक्स लावला की पंधरा-अठरा इंच वाढतात आणि मग तीच गाडी त्याच दारातून जात नाही. शहरातल्या पार्किंग गॅरेजमध्ये तर काही ठिकाणी साडेसहा फुटांचीच मर्यादा असते, दारावर आडवा बार लटकवलेला असतो तो त्यासाठीच. टपावर बॉक्स लावून जागा वाढवू असं मनात असेल तर हे आधी तपासा.

३. स्पेक्समधले आकडे कसे वाचायचे

आता मुख्य मुद्दा. चारही गाड्यांचे कामाचे आकडे आधी देते, सध्याच्या मॉडेल्सचे. सामानाचे आकडे क्युबिक फुटांत, लेगरूम इंचात. ट्रिमप्रमाणे, म्हणजे त्याच गाडीच्या साध्या-महागड्या प्रकाराप्रमाणे, थोडा फरक पडतो. व्हीलबेस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर.

- सिएना (२०२१ पासूनची): व्हीलबेस १२०.५ इंच, थर्ड रो लेगरूम ३८.७, थर्ड रोच्या मागे ३३.५, सेकंड रोच्या मागे ७५.२, जास्तीत जास्त १०१
- ओडिसी: व्हीलबेस ११८.१, थर्ड रो लेगरूम ३८.१, मागे ३२.८, सेकंड रोच्या मागे ८७ च्या आसपास, जास्तीत जास्त १४० ते १४५
- पॅसिफिका: व्हीलबेस १२१.६, थर्ड रो लेगरूम ३६.५, मागे ३२.३, सेकंड रोच्या मागे ८७.५, जास्तीत जास्त १४०.५
- कार्निव्हल (२०२२ पासूनची): व्हीलबेस १२१.७, थर्ड रो लेगरूम ३५.६, मागे ४०.२, सेकंड रोच्या मागे ८६.९, जास्तीत जास्त १४५.१

हे बघून पहिलं वाटतं की सिएना आतून लहान आहे, १०१ कुठे आणि १४५ कुठे. तसं नाहीये. बाकीच्यांचा जास्तीत जास्त आकडा हा मधली रांग काढून किंवा जमिनीत दुमडून मोजलेला आहे. सिएनाची मधली सीट्स काढताच येत नाहीत, त्यांत साइड एअरबॅग आहेत, त्यामुळे ती पुढे सरकवून ठेवलेली असतानाच मोजतात. तुम्ही सोफा किंवा प्लायवूड आणणार नसाल तर हा आकडा तुमच्या आयुष्यात कधीच येणार नाही. उलट ज्याला घराचं काम स्वतः करायची हौस आहे, महिन्याला हार्डवेअरच्या दुकानात चक्कर असते, त्याच्यासाठी हाच आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

दुसरं म्हणजे कार्निव्हलच्या ओळीकडे परत बघा. चौघींत लांबीला सगळ्यात कमी, मागे सामानाला सगळ्यात जास्त जागा, आणि थर्ड रोची लेगरूम सगळ्यात कमी. हा काही चमत्कार नाही. डबा तेवढाच असतो, त्यात सीट पुढे बसवलं की मागे बॅगांना जागा मिळते आणि बसणाऱ्याचे पाय आखडतात. सिएना आणि ओडिसीने ती जागा माणसांना दिलीय, कार्निव्हलने सामानाला. हे एकदा लक्षात आलं की "कुठली मोठी" हा प्रश्नच सुटतो, तुम्हाला जागा कुठे हवीय एवढंच ठरवायचं उरतं.

तिसरा सापळा, एकाच गाडीचे दोन आकडे. ओडिसीचं थर्ड रोच्या मागचं माप काही ठिकाणी ३२.८ आणि काही ठिकाणी ३८.६ लिहिलेलं सापडेल. गाडी तीच, मोजायची पद्धत वेगळी. त्यामुळे एका गाडीचा आकडा एकीकडून आणि दुसरीचा भलतीकडून उचलून तुलना करू नका, उगाच पाच-सहा क्युबिक फुटांवरून घरात वाद होतात.

चौथं, सेकंड रोची लेगरूम. सात सीटच्या सिएनाची मधली सीट्स २५ इंच पुढे-मागे सरकतात. ती पूर्ण मागे नेली की मधला माणूस महाराजासारखा पाय पसरून बसतो आणि मागच्याचे गुडघे मधल्या सीटच्या पाठीला टेकतात. ब्रोशरमध्ये दोन्ही रांगांचे चांगलेच आकडे छापलेले असतात. दोन्ही एकदम मिळतात असं कुणी म्हटलेलं नसतं.

४. एसयूव्ही का नको, हे एकदा बघून घ्या

नवरा-बायकोत एकाला मिनीव्हॅन नकोच असते, दिसायला काकूबाई वाटते म्हणून. त्यांना तीन रांगांची एसयूव्ही दाखवा आणि तिसऱ्या रांगेत बसवा. टोयोटाचीच २०२० नंतरची हायलँडर घ्या, थर्ड रो लेगरूम २७.७ इंच, मागे सामानाला १६ क्युबिक फूट. ग्रँड हायलँडर बरीच बरी, ३३.५ इंच आणि २०.६ क्युबिक फूट, पण सिएनाच्या जवळ तीही येत नाही.

कारण साधं आहे. मिनीव्हॅनची जमीन खाली असते आणि थर्ड रोच्या मागे एक खोल खड्डा असतो. मागची सीट दुमडली की ती त्या खड्ड्यात जाते, आणि सीट वर असेल तेव्हा खड्डा रिकामा, त्यात बॅगा उभ्या राहतात. एसयूव्हीत बहुतेक वेळा सीटची पाठ नुसती पुढे पडते आणि सगळं सामान उंच जमिनीवर येतं. बर्फात चारही चाकं फिरायला हवीत म्हणून एसयूव्ही हवी असेल तर सिएना आणि पॅसिफिकात ऑल-व्हील ड्राइव्ह मिळते. ओडिसी आणि कार्निव्हलमध्ये मिळत नाही.

५. डीलरकडे गेल्यावर: सगळ्या रांगा एकदम

फोन करून तुम्हाला हवं तेच ट्रिम आणि तेवढ्याच सीट्सची गाडी तिथे उभी आहे ना ते विचारून जा. आठ सीटची गाडी बघून सात सीटची घेतली तर मोजलेलं सगळं वाया.

गेल्यावर क्रम असा ठेवा, हाच क्रम महत्त्वाचा आहे:

आधी ड्रायव्हर सीट. घरात जो जास्त उंच तो बसेल, नेहमी चालवतो तशी सीट लावेल, आणि मग ती हलवायची नाही. शेजारची सीटपण तशीच.

मग कार सीट असेल तर ती मधल्या रांगेत, खरंच लावून. नुसती ठेवून नाही. मागे तोंड केलेली असेल तर ती पुढच्या सीटच्या पाठीला किती टेकते ते बघा, आणि पुढे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला लागतायत का तेही.

मग मधल्या रांगेत एक मोठा माणूस बसवा आणि त्याला सांगा की तुला जेमतेम पुरेल एवढंच मागे घे. मग तिसऱ्या रांगेत माणूस. आता दोघांनी आपसात तडजोड करायची. जिथे दोघंही "ठीक आहे" म्हणतील तिथे थांबा, आणि टेपने तिसऱ्या रांगेतल्या माणसाच्या गुडघ्यापासून पुढच्या पाठीपर्यंतचं अंतर मोजा. हा आकडा प्रत्येक गाडीचा लिहून ठेवा. ब्रोशरमधल्या लेगरूमपेक्षा हाच आकडा खरा कामाचा.

सेल्समन या वेळी स्क्रीन, स्पीकर, मागच्या मुलांना बघायचा कॅमेरा वगैरे दाखवायला लागतो. दाखवू द्या, पण टेप खाली ठेवू नका.

६. तिसरी रांग: बाबांना तिथे बसवणार असाल तर

लेगरूम हा इथला अर्धाच भाग. दुसरा अर्धा म्हणजे सीट जमिनीपासून किती वर आहे. बसल्यावर हाताचा तळवा मांडीखाली घाला, गुडघ्याजवळ. तळवा सहज आत गेला, मांडी आणि सीट यांच्यात फट राहिली, म्हणजे सीट खाली आहे आणि गुडघे वर आलेत. दहा मिनिटं काही वाटत नाही, नायगाराला जाताना चौथ्या तासाला बाबा काही बोलणार नाहीत पण उतरल्यावर कंबर धरून उभे राहतील. मांडी सीटला टेकलेली असेल तर दोन इंच लेगरूम कमी असली तरी बसणं सुखाचं होतं.

डोक्याच्या वरचं अंतर पण बघा, सनरूफ असेल तर विशेष. आणि खिडकी. मागच्या काचेतून बाहेर दिसत नसेल तर गाडी लागणाऱ्यांचे हाल होतात. एसीच्या झडपा तिथपर्यंत आहेत का, चार्जिंगचं सॉकेट आहे का, ग्लास ठेवायला जागा कुठे, हे बसल्या बसल्याच कळतं.

तिसऱ्या रांगेत कंपनी तीन माणसं म्हणते. मोठी तीन माणसं म्हणजे खांद्याला खांदा, थंडीत जॅकेटं घालून तर नकोच. मी तिथे दोन मोठे किंवा तीन लहान असंच धरते.

चढणं हा वेगळाच विषय. आईला साडीत चढायला लावा. गंमत नाही, पंजाबी ड्रेसमध्ये जमतं ते साडीत जमेलच असं नाही. पाय कुठे ठेवते, हाताने काय धरते, दाराजवळ हँडल तिच्या उंचीला आहे का. सरकत्या दारांचा फायदा इथे कळतो, पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीला चिकटून उभे असलो तरी दार पूर्ण उघडतं. आणि मुलं शेजारच्याच्या गाडीवर दार आपटत नाहीत, हे सुख वेगळंच.

७. बॅगांची परीक्षा

आता मागे या. माणसं बसलेलीच राहू द्या, तिसऱ्या रांगेची पाठ त्यांना आरामात वाटेल एवढी मागे कलू द्या. ही पाठ सरळ उभी करून बॅगा भरून दाखवणं ही जुनीच युक्ती आहे, सरळ पाठीवर कुणी दोन तास बसत नाही.

बॅगा खड्ड्यात उभ्या ठेवा, चाकं खाली, हँडल वर. पहिली बॅग सरळ बसते. दुसरी ठेवताना कळतं की खड्ड्याची तळाची रुंदी वरच्यापेक्षा कमी आहे, बाजूला चाकांवरचे फुगवटे आत आलेत. मग एक आडवी, एक उभी असं करावं लागतं. शेवटी मागचं दार बंद करून बघा, बटण दाबून. दार बॅगेला लागलं की ते परत वर जातं आणि बीप बीप करत बसतं. काचेकडे बाहेरून बघा, बॅगेचं हँडल काचेला घासत नाही ना.

बॅगा मागच्या सीटच्या पाठीच्या वर गेल्या की थांबा. आरशातून मागचं दिसत नाही हे एक, आणि ब्रेक जोरात लागला तर वरची बॅग पुढच्याच्या डोक्यावर येते.

सहाच माणसं असतील तर एक सोपा उपाय आहे. तिसरी रांग साधारण ६०-४० अशी दुभागलेली असते. चाळीसची बाजू म्हणजे एक सीट खाली दुमडा, साठच्या बाजूला दोघं बसतात, आणि दुमडलेल्या बाजूने बॅगा लांबलचक आत जातात. आमच्याकडे एअरपोर्टला जाताना कायम असंच करतो. गणपतीचं मखर, मंडळाच्या नाटकाच्या सेटचे लांब बांबू, सगळं त्या एका बाजूने जातं. दुमडायला किती जोर लागतो, पट्टा ओढायचा की बटण, हे स्वतः करून बघा, डीलरला करू देऊ नका.

स्पेअर टायर आहे का हेही याच वेळी विचारा. बऱ्याच मिनीव्हॅनमध्ये नसतोच, पंक्चरसाठी नुसतं किट असतं. वेगळा स्पेअर घेऊन मागे टाकलात तर बॅगांची तेवढी जागा गेली.

८. मधली रांग: दुमडणारी, काढायची, की पक्की

इथे चौघींचे चार प्रकार आहेत आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

पॅसिफिकाची मधली सीट्स जमिनीत दुमडतात. क्रायस्लरने ही सोय २००५ पासून आपल्या मिनीव्हॅनमध्ये आणली आणि दुसऱ्या कुणाकडे अशी नाही. सीट वर असताना जमिनीतले ते कप्पे रिकामे असतात, मुलांचे बूट, बर्फाचे हातमोजे, सगळं तिथे लपतं. चार बाय आठचा प्लाय आत सपाट जातो. पण जमिनीत मावायचं म्हणून ती सीट्स जरा पातळ असतात, लांबच्या प्रवासाला काहींना आवडत नाहीत. आणि सगळ्यात मोठा सापळा, पॅसिफिकाच्या प्लग-इन हायब्रिडमध्ये, म्हणजे पेट्रोलवर आणि चार्ज करून विजेवरही चालणाऱ्या गाडीत, त्या कप्प्यांत बॅटरी असते, म्हणजे मधली सीट्स दुमडत नाहीत. ती काढावी लागतात. वापरलेली हायब्रिड बघताना लोक हे विसरतात आणि घरी आणल्यावर शोधत बसतात की पट्टा कुठेय.

ओडिसीची मधली सीट्स आडवीही सरकतात, म्हणजे मधली छोटी सीट काढली की दोन्ही बाजूची एकमेकांजवळ आणता येतात किंवा लांब ठेवता येतात. भांडणाऱ्या भावंडांसाठी काढलेला शोध असावा. ती काढता येतात, पण जड आहेत, दोघांनी उचलायची. आणि काढून ठेवायची कुठे? अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना गॅरेज नसतं, दिवाणखान्यात गाडीची सीट ठेवून पाहुण्यांना बसवणार का.

कार्निव्हलची साधी मधली सीट्स काढता येतात. वरच्या ट्रिममधली पाय ठेवायला फळी असलेली आरामखुर्चीसारखी सीट्स मात्र काढता येत नाहीत. आजोबा त्यात बसले की उठत नाहीत हे खरं, पण सामान न्यायच्या वेळी ती जागा अडवूनच ठेवतात.

सिएनाचं वर सांगितलंच, पक्की.

९. कार सीट असलेल्या घरांसाठी

मॅन्युअलमध्ये किती जागी कार सीट अडकवायचे खालचे अँकर आहेत आणि किती जागी वरच्या पट्ट्याचा हुक, हे दोन वेगळे आकडे असतात. डीलरकडे मॅन्युअल मागून ते पान बघा. तिसऱ्या रांगेत मूल बसवायचं ठरवलं आणि तिथे हवा तो अँकर नाही असं नंतर कळायला नको. खालच्या अँकरला वजनाची मर्यादा असते, मूल आणि सीट मिळून ६५ पौंड, त्यापुढे सीटबेल्टने बांधायची.

दुसरं म्हणजे कार सीट लावलेली असताना मधली सीट पुढे कलते का, म्हणजे तिच्यामागून तिसऱ्या रांगेत जाता येतं का. काही गाड्यांत येतं, काहींत फक्त सीट रिकामी असतानाच. लावून बघितल्याशिवाय यावर विश्वास ठेवू नका. बूस्टरवरच्या मुलाला स्वतःचा बेल्ट स्वतः लावता येतो का तेही तिथेच करून घ्या, बक्कल बूस्टरच्या खाली दबलेलं असेल तर रोज सकाळी तुम्हालाच आत घुसावं लागेल.

१०. वापरलेली घेताना

नवीन आलेल्यांपैकी बरेच जण वापरलेलीच घेतात आणि ते शहाणपणाचंच आहे. फक्त वर्ष नीट बघा. २०२० पर्यंतची सिएना वेगळी गाडी आहे, तिची मधली सीट्स काढता येत होती, मागे ३९.१ क्युबिक फूट आणि जास्तीत जास्त १५०. म्हणजे नुसत्या जागेच्या हिशोबाने जुनी सिएना नव्यापेक्षा मोठी, पण ती हायब्रिड नाही, पेट्रोल चांगलंच पिते. नवी सगळी हायब्रिडच येते.

कागदपत्रं साधारण ही लागतात, राज्याप्रमाणे थोडं कमी-जास्त:

- लायसन्स आणि पत्त्याचा पुरावा, भाडेकरार किंवा विजेचं बिल
- लोन घेणार असाल तर पगाराच्या स्लिप, आणि क्रेडिट हिस्टरी नसेल तर ऑफर लेटर व व्हिसाचे कागद
- इन्शुरन्सचा पुरावा, गाडी बाहेर काढायच्या आधीच लागतो
- खासगी मालकाकडून घेताना टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, त्यावरचं नाव आणि विकणाऱ्याचं नाव एकच आहे ना ते बघून
- गाडीचा व्हीआयएन, म्हणजे प्रत्येक गाडीचा वेगळा ओळख नंबर, हा एनएचटीएसए या वाहन सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या साइटवर टाकला की राहिलेला रिकॉल, म्हणजे कंपनीने दोष दुरुस्त करायला परत बोलावलेलं काम, दिसतो, फुकट आहे

आणि मिनीव्हॅनपुरती एक खास गोष्ट. सगळी सीट्स गाडीत आहेत का ते मोजा. आधीच्या मालकाने कधीतरी सामान न्यायला मधलं सीट काढलेलं असतं, ते त्याच्या बेसमेंटमध्ये पडलेलं असतं आणि त्याला आठवतही नसतं. जाहिरातीत आठ सीट्स, गाडीत सात, असं सर्रास होतं, आणि सुटं सीट नंतर विकत घ्यायला गेलात तर भलतंच महाग पडतं. प्रत्येक सीट दुमडून, सरकवून, परत लावून बघा, बेल्ट ओढून सोडा, सरकती दारं बटणाने चार-पाच वेळा उघडबंद करा. मग टायटलवर सही.